मोटारसायकलच्या वर्षभराच्या सफरींचे अंदाजपत्रक

डिसेंबर आला की आपल्या मंडळातील मोटारसायकलवाल्यांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : "पुढच्या वर्षी किती?" कोणी दहा हजार किलोमीटरचा आकडा सांगतो, कोणी लडाखचे नाव घेतो. आयर्न बट असोसिएशन या अमेरिकी संस्थेचे 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे सुमारे 1,610 किलोमीटर चालवण्याचे आव्हानही काही तरुणांच्या मनात असते. मंडळात गाडी चालवणारे आता वीस वर्षांपासून साठीच्या पुढच्या सभासदांपर्यंत सगळेच आहेत. म्हणून वर्षाची योजना कशी आखावी, हे इंदूरच्या हिशेबाने येथे मांडत आहोत. आम्ही बँकेत नोकरी केली, त्यामुळे मांडणी अंदाजपत्रकासारखी झाली आहे, ती सभासदांनी चालवून घ्यावी.

लक्ष्य किलोमीटरचे की दिवसांचे?

दहा हजार किलोमीटरला 52 रविवारांनी भागले तर दर रविवारी 192 किलोमीटर येतात. पण सगळे रविवार आपले नसतात. पावसाळा, कडक उन्हाळा, लग्नकार्ये, गणपती आणि दिवाळी वजा जाता जेमतेम 30 रविवार उरतात. मग प्रत्येक रविवारी 333 किलोमीटर चालवावे लागतील. चहा, पेट्रोल आणि गावातली गर्दी धरून ताशी सरासरी 40 किलोमीटरच पडतात. म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ नुसता गाडीवर! वर्षाच्या शेवटी आकडा मागे राहिला की माणूस अंधारात आणि थकलेला असतानाही गाडी हाणू लागतो. खरा धोका येथे आहे.

म्हणून लक्ष्य दिवसांचे ठेवावे आणि दिवस उजेडाने मोजावा. डिसेंबरअखेर इंदुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. हाती साडेदहा तास येतात. त्यातले तीन तास स्थळ पाहण्यात व जेवणात, दीड तास विश्रांतीत. उरलेल्या सहा तासांत 40 च्या सरासरीने 240 किलोमीटर होतात. पंक्चर, रस्त्याचे काम असे काही उद्भवले तर हाताशी वेळ हवा, म्हणून 200 धरावेत. एकूण एका दिवसाच्या सफरीसाठी घरापासून 100 किलोमीटरचे वर्तुळ मिळाले.

शंभर किलोमीटरच्या आत काय आहे?

या वर्तुळात आपले भाग्य मोठे आहे. उज्जैन आणि देवास जवळच. देवासला पवारांची थोरली व धाकटी पाती, आणि कुमार गंधर्वांचे वास्तव्य. पश्चिमेकडे पवारांचेच धार आणि त्यापुढे मांडू. दक्षिणेला महूवरून अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा, तेथून घाट उतरून मंडलेश्वर आणि महेश्वर. खंडवा रस्त्याने बडवाह, मोरटक्का आणि ओंकारेश्वर. सनावदच्या पुढे नर्मदाकाठी रावेरखेडी आहे. तेथे 28 एप्रिल 1740 रोजी पहिल्या बाजीरावांचे निधन झाले व तेथेच त्यांची समाधी आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी पुण्याचा शनिवारवाडा पाहिलेला असतो, पण शंभर किलोमीटरवरची ही समाधी राहून जाते.

मुक्कामाची एखादी मोठी सफर करायची असेल तर मुंबई-आग्रा मार्गावरचे चांदवड सुचवतो. नाशिक जिल्ह्यातील या गावी होळकरांचा रंगमहाल आहे. इंदुरापासून अंतर सुमारे 350 किलोमीटर. पहिला मुक्काम शिरपूरला, दुसरा चांदवडला आणि परतीचा पुन्हा शिरपूरला असे चार दिवस ठेवले की उजेडाचा नियम मोडत नाही. या मार्गावर मानपूरनंतरचा गणपती घाट जड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन घडलेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. उतारावर ट्रकच्या पुढे रेंगाळू नये आणि गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये.

कोणत्या महिन्यात कोठे?

जानेवारी व फेब्रुवारीत दोन सफरी : रावेरखेडी आणि मांडू. धुके असेल तर ते विरेपर्यंत निघू नये, पोह्यांची आणखी एक प्लेट खावी. मार्चच्या सुरुवातीला महेश्वर.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत लांबची सफर नको. बाजीरावांची पुण्यतिथी एप्रिलअखेर आणि अहिल्याबाईंची जयंती 31 मे रोजी येते, त्यामुळे त्या दिवशी जाण्याचा मोह होतो. पण निमाडचा उन्हाळा मोटारसायकलसाठी नाही. पारा 40 च्या वर जातो आणि हेल्मेटमध्ये डोके तापते. त्या दिवसांत पहाटे देवासला जाऊन दहाच्या आत घरी यावे.

पावसाळ्यात जाम दरवाज्याची हिरवाई पाहावी, पण घाटात धुके व चिखल असतो, म्हणून ती सफर संथच असावी. श्रावणात ओंकारेश्वर-उज्जैन मार्गावर कावडयात्रींची गर्दी असते आणि नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीसाठी बंद होतो. ओंकारेश्वर म्हणून नोव्हेंबरात ठेवावे. दसऱ्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले, चांदवडची मोठी सफर त्यातच बसवावी. डिसेंबरात धार किंवा उज्जैन.

कागद : वर्षातून एकदा वाचावेत

सफरीची तयारी म्हटली की जॅकेट आणि सामानाच्या पिशव्या आठवतात, विम्याचा कागद कोणी उघडत नाही. आमच्या मते योजनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

*परवाना.* 30 ते 50 या वयात काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना 10 वर्षे चालतो. 50 ते 55 या वयात केला तर 60 पूर्ण होईपर्यंत, आणि 55 नंतर केला तर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. संपल्यावर एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

*विमा.* सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला 5 वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. "आमचा पाच वर्षांचा विमा आहे" असे म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हा विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीसाठी असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि त्याचे नूतनीकरण वेगळे करावे लागते. ते 90 दिवसांपेक्षा जास्त लांबले तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही जाते. ही सवलत पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत वाढते.

*माणसाचे संरक्षण.* मालक-चालकासाठी 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असताना व त्याचा परवाना वैध असताना लागू होते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा असेल तर मुलाला ते मिळेलच असे धरून चालू नये. मागे बसणाऱ्यासाठी संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि आपल्याकडे मागे बहुतेक वेळा घरातलीच व्यक्ती असते. पॉलिसीत तिच्यासाठी काही आहे का, हे निघण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचून उपयोग नसतो.

याशिवाय गाडीला 15 वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि सर्वांनाच प्रदूषण प्रमाणपत्र. या सगळ्यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवाव्यात.

खर्चाचा हिशेब

वर सांगितलेल्या योजनेत 200 किलोमीटरच्या सहा सफरी आणि 700 किलोमीटरची एक, असे एकूण 1,900 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 35 किलोमीटर देत असेल तर सुमारे 54 लिटर पेट्रोल लागेल. दर 107 रुपये धरला तर 5,800 रुपये. त्यात दोन सर्व्हिसिंग, मुक्काम व जेवण मिळवावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 3521 असे असेल तर टायर 2021 सालच्या 35 व्या आठवड्यातला. रबर जुने झाले असेल किंवा नक्षी झिजली असेल तर नव्या टायरची तरतूद याच वर्षी करावी. हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाचे, दोघांसाठी आणि पट्टा बांधून. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

निघण्याआधी घरी सांगायचे

प्रत्येक सफरीसाठी चार ओळींची चिठ्ठी घरी ठेवावी : कोणत्या रस्त्याने जाणार, सोबत कोण, परतण्याची वेळ आणि विम्याचा कागद कोठे ठेवला आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कोणत्याही आणीबाणीत 112 हे क्रमांक तिच्यावर असावेत. गाडी चालवताना फोन घेऊ नये. थांबल्यावर आपणच घरी फोन करावा, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर उशीर होणार असेल तर आवर्जून करावा. गटाने जाताना सर्वांत हळू चालवणारा पुढच्याच्या लगेच मागे आणि सर्वांत अनुभवी शेवटी असावा. वेग हळू चालवणाऱ्याचाच धरावा.

साठीच्या सभासदांसाठी एक शब्द. डोळ्यांची तपासणी वर्षाच्या सुरुवातीला करून घ्यावी. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले असतील तर उजेडातच परतण्याचा नियम अधिक कटाक्षाने पाळावा. दर तासाने दहा मिनिटे खाली उतरून चालावे. गाडी जड वाटू लागली असेल तर हलकी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. सफरीच्या दिवशी सकाळी बरे वाटत नसेल तर सफर रद्द करावी. म्हणूनच योजनेत एक दिवस मोकळा ठेवावा, राहिलेली सफर त्या दिवशी करता येते.

लडाखला जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, ज्याला दोन वर्षांनी तिकडे जायचे आहे त्याने हे सात प्रवास आधी ठरल्याप्रमाणे पार पाडावेत. घाट, धुके, मुक्काम, गटाची शिस्त आणि कागदांची व्यवस्था या सगळ्याची उजळणी येथेच होते. शिवाय घरच्यांचा विश्वासही बसतो, आणि लांबच्या सफरीला परवानगी मिळवताना तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

सभासदांनी आपापली योजना एका पानावर लिहून मकर संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला आणावी. ज्यांच्या तारखा जुळतील त्यांनी सोबत जावे.