शिकवणी घेणाऱ्या बाईच्या वेळेचं मोल

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, गटांच्या मागणीवरून छापत आहोत.)



आज शिकवणीबद्दल बोलायचं आहे. कसं शिकवायचं हे मी सांगणार नाही, ते तुम्हाला येतं. मला बोलायचंय ते दुसऱ्याच दुखण्याबद्दल. ठरलेल्या वेळी पोरं आलीच नाहीत, पालकांनी ऐनवेळी "आज राहू द्या" म्हटलं, महिना सरला आणि फी आली नाही, तर काय करायचं?

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहते. डी.एड. केलं, नोकरी लागली नाही, लग्न करून इथं आले. नऊ वर्षं झाली, पहिली ते सातवीच्या पोरांची शिकवणी घेते. सुरुवातीला मी एका वस्तीवर जाऊन दोन बहिणींना शिकवायची. गावापासून दोन किलोमीटर. दुपारची भांडी उरकायची, धाकट्याला सासूबाईंकडे द्यायचं आणि चालत निघायचं. एक दिवस पोचले तर दाराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, ते कालच लग्नाला गेले. चार दिवस यायचे नाहीत. तुला सांगितलं नाही का?"

महिनाअखेरीला वहिनींनी फी दिली, पण त्यातून चार दिवसांचे पैसे कापून. म्हणाल्या, "त्या दिवशी शिकवलंच नाही ना तुम्ही." मला काही बोलता आलं नाही. कारण ऐकायला त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं. त्यात चूक कुठं आहे, हे कळायला मला वर्ष लागलं.

पैसे कशाचे?

खुरपणीचं उदाहरण घ्या. शेतमालकानं चार बायांना सांगितलं, उद्या या. तुम्ही दुसरीकडचं काम सोडलं, सकाळी भाकरी बांधून त्याच्या बांधावर गेलात. तो म्हणतो, "रात्री पाऊस झाला, वाफसा नाही, आज नको." त्याचं काही गेलं नाही, तण उद्याही तिथंच आहे. तुमचा दिवस मात्र गेला, तो परत येत नाही.

शिकवणीचंही तसंच आहे. पाच ते साडेसहा ही वेळ आपण त्या पोरांसाठी राखून ठेवतो. त्या वेळेत शिलाईचं काम घेत नाही, शेतात जात नाही, दुसऱ्या पोरांना "जागा नाही" म्हणतो. फी असते ती राखून ठेवलेल्या वेळेची. पोरगं किती दिवस आलं, यावर ती ठरत नाही.

आता हिशोब बघा. माझ्याकडे तेव्हा आठ पोरं होती, महिना तीनशे रुपये. म्हणजे २४०० रुपये. महिन्यात चोवीस दिवस शिकवणी. प्रत्येक पोरगं कुठल्या ना कुठल्या कारणानं सहा दिवस चुकलं आणि प्रत्येक घरानं सहा दिवसांचे पैसे कापले, तर एका पोरामागे पंचाहत्तर रुपये जातात. आठ पोरांचे झाले सहाशे. हातात उरले अठराशे. आणि मी चोवीसच्या चोवीस दिवस सतरंजी टाकून बसलेली! पाव कमाई गेली आणि दिवस एकही वाचला नाही. कारण सगळी पोरं एकाच दिवशी चुकत नाहीत. आज एक, उद्या दुसरं. तुम्ही तुमच्या वहीत एक महिना मांडून बघा.

पालक वाईट असतात असं मी म्हणत नाही. त्यांना वाटतं, ही घरीच तर असते, हिचं काय जातंय. आणि खरं सांगू का, आपल्यालाही आतून तसंच वाटत असतं. म्हणून आपण गप्प बसतो.

सुरू करतानाच बोला

भांडण झाल्यावर नियम सांगितला की तो टोमणा वाटतो. पोरगं घ्यायच्या आधी सांगितला की ती बोली होते. म्हणून मी आता पहिल्या दिवशी आई, वडील किंवा आजी, जे कोणी फी देणार असेल त्यांना घरी बोलावते, चहा करते आणि एक कागद वाचून दाखवते. त्यावर एवढंच असतं:

१. फी महिन्याची आहे, दिवसाची नाही. ती महिना सुरू होताना, पाच तारखेच्या आत द्यायची.

२. पोरगं येणार नसेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत फोन किंवा निरोप द्यायचा. बुडालेल्या दिवसाचा अभ्यास रविवारी सकाळी आठ ते नऊ या वेळेत भरून काढला जाईल. फी कापली जाणार नाही.

३. पोरगं आजारी पडून आठवड्याच्या वर घरी राहिलं, तर त्या दिवसांची अर्धी फी पुढच्या महिन्यात वळती होईल.

४. मी सुट्टी घेतली तर तो दिवस मी भरून देईन. नाही जमलं तर त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात कमी घेईन.

५. शिकवणी बंद करायची असेल तर पंधरा दिवस आधी सांगायचं.

६. सणाच्या सुट्ट्या ठरलेल्या: महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दसरा, दिवाळीचा आठवडा, गावची यात्रा. त्यांची वेगळी कपात नाही.

चौथा नियम विसरू नका. नियम दोघांनाही लागू असला तरच तो लोकांना पटतो. माझ्या धाकट्याला ताप आला तेव्हा मी तीन दिवस शिकवणी बंद ठेवली आणि पुढचे तीन रविवार जास्त बसले. त्यानंतर फी कापायची भाषा कोणी केली नाही.

रविवारचा तास सगळ्यांचा मिळून एकच ठेवा. पूर्वी मी ज्याचा तास बुडाला त्याला वेगळी वेळ द्यायची. एकाला सकाळी, एकाला रात्री जेवणाच्या वेळी. त्यात माझं घर बुडालं.

कागदाची एक प्रत त्यांना द्या, एक आपल्याकडे ठेवा. लिहिता-वाचता न येणारं माणूस असेल तर शेजारच्या कोणासमोर वाचून दाखवा. तोंडी बोलीसुद्धा कायद्यानं करार ठरू शकते, १८७२ च्या करार कायद्यापासून ते चालत आलं आहे. पण तीनशे रुपयांसाठी कोण कोर्टात जाणार? हा कागद कोर्टासाठी नाहीच. "असं कुठं ठरलं होतं?" हा प्रश्न येऊ नये, यासाठी आहे.

आपल्या गटात आपण हेच करतो ना? हप्ता किती तारखेला, उशीर झाला तर दंड किती, बैठकीला आली नाही तर काय, सगळं आधी ठरतं आणि वहीत लिहिलं जातं. दंड भरताना कोणी रुसत नाही. गटाच्या पैशाला जी शिस्त लावतो, ती आपल्या कमाईला लावायला का लाजायचं?

नाही कसं म्हणायचं?

पहिल्यांदा जीभ रेटत नाही. म्हणून दोन-तीन वाक्यं मी पाठच केली आहेत.

कोणी महिनाअखेर पैसे कापून द्यायला लागलं तर: "वहिनी, पोरगी आली नाही तरी तिची जागा मी कोणाला दिली नव्हती. रविवारी पाठवा, राहिलेलं सगळं करून घेते. फी मात्र ठरल्याप्रमाणे."

पाच तारीख उलटली तर: "दादा, या महिन्याची फी राहिली आहे. शनिवारपर्यंत द्याल का?" शेवटी तारीख असलीच पाहिजे. "जमलं तर द्या" असं म्हटलं की ते कधीच जमत नाही.

घरी जाऊन शिकवत असाल तर निघण्याआधी एक फोन: "मी निघतेय, ताई घरी आहे ना?" एवढ्यानं दोन किलोमीटरची पायपीट वाचते. आणि त्या शिकवणीची फी घरच्या शिकवणीपेक्षा जास्त ठेवा. जाण्यायेण्याची वेळही आपलीच असते.

फोन उचलला नाही तर रागाचा मेसेज पाठवू नका. गाव लहान असतं, मेसेज चार घरं फिरून येतो. समोर जाऊन हळू आवाजात बोलावं.

नातं आणि ओळख

सगळ्यात अवघड फी असते ती जावेच्या पोराची आणि गटातल्या मैत्रिणीच्या पोरीची. "आपल्याच घरचं पोरगं, त्याचे कसले पैसे?" इथं माझा एकच नेम आहे. सवलत द्यायची तर आपण ठरवून, उघड द्यायची. जावेच्या पोराची फी मी अर्धी ठेवली आणि तसं कागदावर लिहिलं. तीनशे म्हणून दरमहा न मिळण्यापेक्षा दीडशे ठरवून वेळेवर मिळालेले बरे. मनात कडवटपणा राहत नाही, हिशोबही चुकत नाही. अगदीच फुकट शिकवायचं असेल तर वर्षाला एक किंवा दोन पोरं, तीही आपण निवडलेली.

कारखान्याला जाणाऱ्या घरांचं काय?

आपल्या भागात दसरा झाला की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही पोरं आईबापांबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. या घरांना "तुम्ही शिकवणी मध्येच सोडली" म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं जाणं अचानक होत नाही, ते दरवर्षी ठरलेलं असतं. म्हणून जूनमध्येच विचारायचं: "दसऱ्यानंतर पोरगं इथं राहणार की नेणार?"

नेणार असतील तर फी जाईपर्यंतचीच, आणि निघायच्या आठवड्यात वहीचा हिशोब मिटवायचा. पोराला दोन वह्यांत अभ्यास लिहून द्यायचा. इथं राहणार असेल तर पैसे कोण देणार, आजी की कारखान्यावरून वडील, हे आधीच ठरवायचं. काही घरांची तीन महिन्यांची फी मी उचल हातात आल्यावर एकदम घेते. ती त्यांनाच सोयीची पडते, नंतर फोनवर फोन करावे लागत नाहीत. पोरगं मध्येच गेलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मोजून परत करते. न शिकवलेल्या महिन्याचे पैसे ठेवून घ्यायचे नाहीत, तसं केलं की गावातला विश्वास जातो.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगते. सांगताना अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी पाचवीतल्या एका पोराची दोन महिन्यांची फी राहिली होती. आईबाप कारखान्यावर, पोरगं आजीजवळ. एका संध्याकाळी मी वैतागले होते. सगळ्या पोरांसमोर त्याला म्हणाले, "उद्या फी आणली तरच ये." दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, चला, सोडली शिकवणी.

आठवडाभरानं त्याची आजी गिरणीवर भेटली. पिठाचा डबा खाली ठेवून म्हणाली, "बाई, पोरगं रोज येतंय ना वेळेवर? अभ्यास कसा करतंय?" माझ्या पोटात खड्डा पडला. ते पोरगं रोज पाच वाजता दप्तर घेऊन घरातून निघत होतं, मारुतीच्या पारामागे बसत होतं आणि साडेसहाला घरी जात होतं. आजीला फीचं सांगायचं नाही, आणि माझ्याकडे फीशिवाय यायचं नाही. दहा वर्षांच्या पोरानं दोन्हीकडची लाज एकट्यानं सांभाळली होती.

फी द्यायची होती मोठ्यांनी, शिक्षा झाली पोराला. मी त्याच संध्याकाळी पाराकडे गेले आणि त्याला घेऊन आले. वडिलांना फोन लावला. त्यांनी पैसे दोन्ही वेळा एका नातेवाइकाकडे पाठवले होते, ते माझ्यापर्यंत आलेच नव्हते. महिना उलटल्यावर लगेच एक फोन केला असता तर हे घडलंच नसतं.

तेव्हापासून फीचं बोलणं पोरासमोर नाही आणि पोराच्या हाती निरोपही नाही. पैसे पोराच्या दप्तरातून घेत नाही. पालकांच्या हातून घेते नाहीतर मोबाईलवर, आणि लगेच वहीत तारीख टाकून सही घेते.

एक महिना थकला की मी स्वतः घरी जाते. तिथं दोन गोष्टी पारखायच्या. देता येत नाही की द्यायचं नाही? ज्या घरात आजारपण आहे, पीक गेलं आहे, तिथं हप्ते करून द्या, फी कमी करा, वर्ष निभावून न्या. पण ज्यांच्या दारात नवी मोटारसायकल उभी आहे आणि तीनशे रुपये "पुढच्या आठवड्यात" आहेत, त्यांना हात जोडून सांगा, "हा महिना संपेपर्यंत शिकवते. पुढची फी आधी आली तर पुढचा महिना." आणि मग तसंच करा. एकदा बोललेलं मागे घेतलं की पुढच्या वर्षी सगळं गाव तारीख चुकवतं.

या नियमांमुळे माझी दोन पोरं गेली, हेही सांगते. दोन महिन्यांत त्या जागांवर दुसरी आली.

गटाच्या पुढच्या बैठकीत जिची शिकवणी आहे, जी शिलाई करते, जी मेंदी काढते, ब्लाऊजवर आरीकाम करते, त्या सगळ्यांनी एक काम करा. गेल्या महिन्यात किती वेळ राखून ठेवली आणि त्यातली किती वाया गेली, ते वहीत मांडा. मग आपापला पाच-सहा ओळींचा कागद तयार करा आणि एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवा. मैत्रिणींसमोर एकदा म्हणून बघितलं की पालकांसमोर जीभ अडखळत नाही.

त्या वस्तीवरच्या वहिनींची धाकटी मुलगी अजून माझ्याकडे येते, आता चालत तीच येते. लग्नाला जायचं असलं की वहिनींचा आदल्या संध्याकाळी फोन येतो, "रविवारी पाठवते हं."

येते मी. नमस्कार.