महाधिवक्ता आणि एक गुंठा

परभणीत प्लॉट पाहायला निघालेला माणूस दोन गोष्टी आधी विचारतो : एनए (बिगरशेती) झालाय का आणि झोन कोणता? एजंट म्हणतो, ‘होऊन जाईल.’ बाँडवर व्यवहार होतो, घर उभं राहतं. सातबाऱ्यावर नाव मात्र जुन्याच मालकाचं. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तेवढ्या जमिनीत सरकारचा हात किती खोल जावा?

अमेरिकेतल्या युक्लिड गावाने जमिनीचे पट्टे आखले, तेव्हा क्लीव्हलंडचे माजी महापौर न्यूटन बेकर जमीनमालकाच्या बाजूने उभे राहिले. 1926 मध्ये ते हरले आणि झोनिंगला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. आपल्याकडे राज्याचा सर्वोच्च वकील, म्हणजे महाधिवक्ता, सहसा दुसऱ्या, सरकारच्या बाजूला दिसतो. घटनेच्या 165व्या कलमानुसार राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात. त्याला विधिमंडळात बोलता येतं, मत देता येत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढच्याच वर्षी होरमसजी माणेकजी सीरवई महाधिवक्ता झाले आणि 1974 पर्यंत राहिले. याच काळात 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि 1966 मध्ये जमीन महसूल संहिता व प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाले. निजामी राजवटीतला 1317 फसलीचा महसूल कायदा मागे पडला. हिरवा (शेतीचा) पट्टा, पिवळा (रहिवासी) पट्टा, आरक्षण हे शब्द हळूहळू तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोचले.

सीरवईंची सगळ्यात मोठी लढाईही जमिनीवरूनच सुरू झाली. केरळच्या जमीन सुधारणा कायद्याने एडनीर मठाची जमीन जाणार होती. त्यातून केशवानंद भारती खटला उभा राहिला. तेरा न्यायमूर्ती, 68 दिवस युक्तिवाद. समोर, मठाच्या बाजूने, नानी पालखीवाला. दोघेही सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये घडलेले. केरळच्या वतीने सीरवईंनी मांडलं, की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा मतांनी हे म्हणणं फेटाळलं गेलं : घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही. मग आणीबाणी आली. अमर्याद सत्ता कशी वापरली जाते हे पाहिल्यावर सीरवईंनी राज्यघटनेवरच्या आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मान्य केला. सरकारची बाजू सतरा वर्षं मांडलेल्या माणसाने लगामाची गरज कबूल केली, हे मोठंच.

जमिनीच्या कायद्यातही लगाम आहेत. आरक्षित जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या 127व्या कलमाखाली मालक नोटीस देऊ शकतो. मुदतीत पावलं न उचलल्यास आरक्षण संपतं. तुकडेबंदीचं (जमिनीचे छोटे तुकडे पाडण्यावरच्या बंदीचं) कारण देऊन 12 जुलै 2021 च्या परिपत्रकाने दस्तनोंदणी अडवली, ते औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये रद्द केलं.

पण खंडपीठापर्यंत जाणारे किती? बाकीचे वाट बघतात. गुंठेवारीच्या, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांच्या, 2001 च्या कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतची घरं नियमित करायची ठरवली; 2021 मध्ये ती रेषा 31 डिसेंबर 2020 वर सरकली. एजंटचं ‘होऊन जाईल’ वीस वर्षांनी सरकारनेच खरं केलं. मधल्या काळात बाँडवरच्या घरमालकाचं सातबाऱ्यावर नाव नव्हतं, त्यामुळे त्याला बँकेच्या दारातूनही परतावं लागत होतं.