ऑडिओ इंटरफेसमधील कन्व्हर्टर चिप आणि आवाजाची गुणवत्ता : भाषा-ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने

प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षकांना ध्वनिमुद्रणाची गरज पूर्वी क्वचित भासत असे. २०२० नंतर ऑनलाइन अध्यापनामुळे ती नित्याची झाली. भाषा विभागांत तर याहूनही महत्त्वाची कामे असतात. बोलीभाषांचे नमुने गोळा करणे, वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती जतन करणे, मुशायऱ्यांच्या व व्याख्यानांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेणे ही कामे पुढे ढकलता येत नाहीत, कारण बोलणारी माणसे आणि फीत दोन्ही कायम राहणारी नाहीत.

या कामासाठी मायक्रोफोन व संगणक यांच्यामध्ये जे छोटे यंत्र जोडतात त्यास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ते विकत घेताना माहितीपत्रकात आतील कन्व्हर्टर चिपचे नाव ठळकपणे छापलेले आढळते. अमुक कंपनीची चिप आहे म्हणून आवाज उत्तम, असा दावा केला जातो आणि किंमतही त्या प्रमाणात चढते. मर्यादित अनुदानातून खरेदी करणाऱ्या विभागापुढे म्हणूनच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : आवाजाच्या गुणवत्तेत या चिपचा वाटा किती? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

चिपचे कार्य

मायक्रोफोन आवाजाचे रूपांतर विद्युतदाबात करतो. हा दाब आवाजाबरोबर सतत वरखाली होत असतो. संगणकाला मात्र केवळ आकडे समजतात. म्हणून दर सेकंदाला हजारो वेळा या दाबाचे माप घेऊन ते आकड्यांत लिहावे लागते. हे काम करणारी चिप म्हणजे एडीसी. याच्या उलट, आकड्यांपासून पुन्हा विद्युतदाब तयार करून हेडफोनला किंवा स्पीकरला देणारी चिप म्हणजे डीएसी.

हा भेद खरेदीच्या वेळी विसरला जातो. जाहिरातीत अनेकदा डीएसीचे नाव असते. पण मुद्रित होणाऱ्या फाइलशी डीएसीचा काहीही संबंध नाही. ती फक्त ऐकण्याच्या वेळी कामाला येते. मुलाखती जतन करणाऱ्याने डीएसीच्या नावावर जास्त पैसे मोजले, तर त्याच्या संग्रहाला त्याचा कणभरही लाभ होत नाही.

या दोन चिपखेरीज इंटरफेसमध्ये मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारा प्रीअ‍ॅम्प असतो, विद्युतपुरवठ्याचे मंडल असते, नमुन्यांची वेळ सांभाळणारे घड्याळ असते आणि हेडफोनसाठी वेगळा प्रवर्धक असतो. चिप ही या साखळीतील केवळ एक कडी आहे.

आकड्यांचा अर्थ

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे प्रमाण ठरले. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, जेवढी कंपनसंख्या नोंदवायची तिच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले की मूळ ध्वनी पुन्हा उभा करता येतो. मानवी कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झच्या आसपास ऐकतो. त्यामुळे ४४,१०० नमुने पुरेसे ठरतात.

बिटांची संख्या मोठ्या व लहान आवाजांतील अंतर ठरवते. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल असा हिशेब आहे. १६ बिटांना सुमारे ९८ आणि २४ बिटांना सुमारे १४६ डेसिबल ही सैद्धांतिक मर्यादा येते. प्रत्यक्षात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हलत राहतात व त्यांची सूक्ष्म खरखर प्रत्येक मंडलात असतेच. त्यामुळे २४ बिटांचे पूर्ण अंतर कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. साध्या इंटरफेसचा आकडा १०० ते ११० डेसिबल आणि चांगल्याचा १२० डेसिबलच्या आसपास असतो. माहितीपत्रकांतील चढाओढ या १० डेसिबलांच्या फरकावर चाललेली असते.

साखळीतील कमकुवत कडी

हे १० डेसिबल श्रोत्यापर्यंत पोहोचतात काय, हे एका साध्या हिशेबाने पाहता येते. शांतपणे बोलणाऱ्या माणसाचा आवाज ३० सेंटिमीटर अंतरावर सुमारे ७० डेसिबल भरतो. पंखा चालू असलेल्या, रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीतील गोंगाट सहज ४५ डेसिबल असतो. म्हणजे बोलणे आणि खोलीचा गोंगाट यांत अंतर राहिले अवघे २५ डेसिबल.

आता प्रीअ‍ॅम्प पाहू. सभागृहांत सर्वत्र दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा मायक्रोफोन १९६६ पासून वापरात आहे. ७० डेसिबलच्या आवाजाला तो जेमतेम एक दशांश मिलीव्होल्ट एवढा संकेत देतो. तो सुमारे हजार पटीने वाढवावा लागतो आणि त्याबरोबर प्रीअ‍ॅम्पची स्वतःची खरखरही तेवढीच वाढते. चांगल्या प्रीअ‍ॅम्पमध्येसुद्धा बोलणे व ही खरखर यांत येथे सुमारे ५० डेसिबलचेच अंतर उरते.

एकत्र मांडले तर चित्र असे दिसते : खोलीने दिलेले अंतर २५ डेसिबल, प्रीअ‍ॅम्पचे ५०, आणि साध्या चिपचे ११०. चिप बदलून ११० चे १२० केले तरी वरचे दोन आकडे जागच्या जागी राहतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? उलट मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर निम्मे झाल्यावर सुमारे ६ डेसिबल या नियमाने १२ डेसिबलचा लाभ होतो. महागड्या चिपच्या जाहिरातीत दाखवलेल्या फरकाहून हा जास्त आहे, आणि त्याला खर्च काही नाही.

नोबेओका येथील आग

चिप आणि यंत्र यांचे नाते स्पष्ट करणारी एक घटना २०२० मध्ये घडली. जपानच्या मियाझाकी प्रांतातील नोबेओका येथे असलेल्या एकेएम म्हणजे असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीच्या कारखान्याला २० ऑक्टोबर २०२० रोजी आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या असंख्य कंपन्या याच कारखान्याच्या चिप वापरत. पुरवठा थांबल्यामुळे त्यांना ईएसएस, सिरस लॉजिक अशा दुसऱ्या उत्पादकांकडे वळावे लागले.

जर्मनीतील आरएमई कंपनीच्या एडीआय-२ डीएसी या यंत्रात तोपर्यंत एकेएमची चिप होती. २०२१ मध्ये तेच यंत्र ईएसएसच्या चिपसह बाजारात आले. मात्र जुनी चिप काढून त्या जागी नवी बसवली, इतके हे सोपे नव्हते. जुनी चिप थेट विद्युतदाब देणारी होती, तर ईएसएसच्या चिप विद्युतप्रवाहाच्या रूपात काम करताना उत्तम निकाल देतात. त्यामुळे चिपभोवतीचे मंडल नव्याने आखावे लागले. यंत्र त्याच नावाने, त्याच कामासाठी विकले जात राहिले. चिपच्या नावात आवाजाचे सारे रहस्य असते, तर असे करता आले नसते. चिपभोवतीची आखणी, विद्युतपुरवठा आणि गाळणी यांवर अभियंत्याचे कौशल्य खर्च होते. म्हणूनच एकच चिप असलेली दोन यंत्रे वेगवेगळी मोजमापे दाखवू शकतात. पुढे एकेएमनेही नव्या चिप बाजारात आणल्या.

कानांची साक्ष

मोजमापांपलीकडे काही सूक्ष्म फरक कानाला जाणवतो, असे अनेकांचे म्हणणे असते. याची परीक्षा यंत्राचे नाव झाकून करावी लागते. दोन्ही यंत्रांचा आवाज काटेकोरपणे समान पातळीवर आणणेही आवश्यक असते, कारण किंचित मोठा आवाज श्रोत्याला नेहमी अधिक चांगला वाटतो.

अमेरिकेतील ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी अशा चाचण्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असे साधे रूपांतर घातले व श्रोत्यांना फरक ओळखण्यास सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. हे प्रमाण ४९.८ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकेच होय. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये उच्च दर्जाच्या ध्वनीविषयीच्या १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते याहून वाढलेले दिसले. फरक शून्य आहे असे यावरून म्हणता येत नाही. परंतु तो अतिशय लहान आहे आणि शोधण्यासाठी शांत खोली व सरावलेले कान लागतात, हे दोन्ही अभ्यासांतून दिसते.

भाषेच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचे काय

मराठीत ‘जग’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. दुनिया या अर्थी तालव्य आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप असताना दंत्य. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’मध्येही हाच भेद आहे. उर्दूत ‘ख’ व ‘ख़’, ‘ज’ व ‘ज़’ हे भेद अर्थ बदलतात. दखनीत क़ाफ़चा उच्चार अनेकदा ‘ख़’कडे झुकतो आणि ‘बाक़ी’चे ‘बाख़ी’ होते. अशा उच्चारांची ओळख हवेच्या घर्षणावरून पटते. या घर्षणाचा मोठा भाग हजारो हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतो आणि मूळ आवाजाच्या मानाने तो दुबळा असतो.

आजच्या साध्या इंटरफेसची चिप हा संपूर्ण पट्टा विनासायास नोंदवते. हे उच्चार बिघडतात ते अन्य कारणांनी. पंख्याची सरसर त्यांना झाकते. उघड्या भिंती व फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो आणि एका अक्षराची शेपटी दुसऱ्यावर पडते. फोनवरील संभाषणाच्या अ‍ॅपमधील गोंगाट कमी करण्याची सोय घर्षणालाच गोंगाट समजून कापू शकते. फाइल अति संकुचित केली तरी वरचा पट्टा नाहीसा होतो. दखनी बोलणाऱ्या आजीने ‘बाक़ी’ म्हटले की ‘बाख़ी’, हे पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ठरवता आले नाही, तर त्याचा दोष बहुधा या चारांपैकी एकाकडे जाईल.

जुन्या कॅसेटविषयीही हेच खरे आहे. साध्या कॅसेटवरील आवाज व फितीची सरसर यांतील अंतर ५० ते ६० डेसिबल असते. येथे चिपपेक्षा कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचे हेड स्वच्छ असणे आणि ते फितीला अचूक कोनात टेकणे शतपटीने महत्त्वाचे ठरते.

चिपचा फरक कोठे पडतो

चिपला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. विद्युतमंडलांची मोजमापे घेणाऱ्या प्रयोगशाळेत तिचा आकडा निर्णायक असतो. अत्यंत शांत स्टुडिओत, अगदी हळू आणि अगदी मोठे असे दोन्ही ध्वनी असलेल्या संगीताच्या मुद्रणातही तो उपयोगी पडतो. डझनावारी मुद्रणे एकमेकांत मिसळायची असतील, तर प्रत्येकाची खरखर एकत्र येते.

क्षेत्रकार्यातही एक लाभ आहे. २०१९ मध्ये आलेल्या झूम एफ६ सारख्या मुद्रकांत एका मायक्रोफोनसाठी दोन एडीसी असतात. त्यांपैकी एक हळू आवाजासाठी आणि दुसरा मोठ्या आवाजासाठी. त्यामुळे वक्ता एकदम मोठ्याने बोलला तरी एडीसीच्या टप्प्यावर आवाज सहसा फाटत नाही. प्रश्न विचारणे, टिपणे घेणे आणि मुद्रण सांभाळणे ही कामे एकट्याने करणाऱ्या संशोधकाला ही सोय मोलाची आहे.

परीक्षा व निष्कर्ष

आपल्या विभागातील कमकुवत कडी कोणती, हे शोधण्यास खर्च लागत नाही. नेहमीच्या जागी मायक्रोफोन ठेवून, बोलण्याच्या वेळची पातळी कायम ठेवून एक मिनिट शांतता मुद्रित करावी. नंतर फँटम पॉवर व स्पीकर बंद करून मायक्रोफोन काढावा आणि त्याच पातळीवर पुन्हा एक मिनिट मुद्रण करावे. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचे आकडे पाहावेत. दुसरा आकडा पहिल्याहून बराच खाली असेल, तर दोष यंत्राचा नसून खोलीचा आहे आणि नवे यंत्र घेऊन तो दूर होणार नाही.

यावरून खर्चाचा क्रम ठरतो. प्रथम खोली : पंखा बंद, जाड पडदे, सतरंजी. नंतर मायक्रोफोन व त्याचा उभा दांडा, म्हणजे तो तोंडाजवळ स्थिर राहील. त्यानंतर कमी खरखरीचा प्रीअ‍ॅम्प असलेला साधा पण विश्वासार्ह इंटरफेस. मुद्रण २४ बिट व ४८ किलोहर्ट्झवर, असंकुचित वेव्ह फाइलमध्ये करावे आणि सर्वांत मोठ्या आवाजालाही वर सुमारे १२ डेसिबल मोकळे ठेवावेत. हे १२ डेसिबल सोडूनही साध्या चिपकडे ९८ डेसिबल उरतात, खोलीला लागणाऱ्या अंतराच्या कितीतरी पुढे. चिपच्या नावासाठी बाजूला काढलेली रक्कम शिल्लक राहिली, तर ती मुलाखतींच्या प्रवासखर्चासाठी आणि फाइलींच्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतींसाठी वापरणे अधिक हिताचे आहे.