पाहुण्याची शेवटची सकाळ

रत्नागिरीला परक्या पाहुण्यांची सवय आजची नव्हे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये येथे आणून ठेवले आणि 1916 मध्ये मृत्यूने सुटका करीपर्यंत तो येथून हलू शकला नाही. जाण्याची इच्छा असूनही ज्याला जाऊ दिले गेले नाही, असा तो पाहुणा होता. आजच्या पाहुण्याची तक्रार याच्या नेमकी उलट आहे. खोली सोडण्याची वेळ दहाची असते आणि दारावर थाप मात्र सातच्या आधीच पडू लागते. ही तक्रार एकट्या रत्नागिरीची नव्हे. प्रवासी येतात अशा कोणत्याही गावी ती ऐकू येते.

या थापेचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. प्रथम चहाची विचारणा होते. मग ‘साहेब, किती वाजता निघणार?’ असा प्रश्न येतो. त्यानंतर बोळातून बादल्यांचा आवाज, शेजारच्या खोलीत पलंग सरकवल्याची घरघर आणि अखेरीस खालच्या काउंटरवरून फोन. यातील एकेक गोष्ट पाहिली तर तीत उद्धटपणा नसतो. परंतु सर्वांचा मिळून अर्थ एकच निघतो : आता आपण निघालात तर बरे! पैसे चुकते होईपर्यंत आर्जव आणि नंतर घाई, हा ‘गरज सरो नि वैद्य मरो’ या म्हणीचाच प्रकार म्हणावा लागेल.

ज्याची झोपमोड होते तो पाहुणा कोण, हेही पाहिले पाहिजे. परीक्षेच्या कामासाठी आलेला शिक्षक, कचेरीतील कारकून, वर्षभर पै-पै साठवून मुलाबाळांना गणपतीपुळे आणि पावस दाखवायला घेऊन आलेला गृहस्थ. शाळेची घंटा नाही, सातची बस गाठायची नाही, अशा सकाळी त्याच्या वाट्याला वर्षातून मोजक्याच येतात. त्यातील दोन तासांची झोप ही चैन नव्हे. भाड्यात मोजून घेतलेली वस्तू आहे.

तथापि दार ठोठावणाऱ्याच्या बाजूनेही विचार करणे न्यायाचे ठरेल. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि मुंबईचा माणूस रात्री कोकणकन्येत बसून पहाटे रत्नागिरीत उतरू लागला. रात्रीच्या एस. टी. गाड्याही उजाडतानाच येतात. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुटीत पेंगणारी मुले आणि सामान घेऊन ही मंडळी काउंटरपुढे उभी राहतात, तेव्हा व्यवस्थापकाला समोरचे त्रासलेले कुटुंब दिसते. बंद दाराआड झोपलेले दिसत नाही. त्यातच चादरी आणि अभ्रे मोजके असतात आणि वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत. जुना पाहुणा दहाला गेला आणि नवा बाराला आत गेला पाहिजे, तर मधल्या दोन तासांत मोजक्या हातांनी सगळ्या खोल्या झाडून, पुसून, अंथरूण बदलून तयार व्हायच्या असतात. एखादी खोली सातलाच मोकळी झाली तर त्या पोऱ्याचा दिवस थोडा हलका जातो. तो दोन घड्याळांच्या कात्रीत सापडलेला असतो. त्याच्यावर खेकसून पाहुण्याला समाधान मिळेल, पण न्याय होणार नाही.

मात्र कारण समजले म्हणून वागणे समर्थनीय ठरत नाही. रत्नागिरीपर्यंतचे तिकीट काढलेल्या प्रवाशाला, पुढचा प्रवासी ताटकळला आहे म्हणून कोणी चिपळूणलाच जागा रिकामी करावयास सांगत नाही. खोलीचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रामलीला मैदान प्रकरणी झोप ही जगण्याच्या मूलभूत हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले आणि मुंबई उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये रात्रभर चाललेल्या चौकशीच्या संदर्भात झोपेचा हक्क अधोरेखित केला. हे निर्णय सरकारी यंत्रणांसंबंधीचे आहेत, लॉजमालकांसंबंधीचे नव्हेत, हे उघड आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्र पहाटे सहाला संपते. सहा ते दहा या चार तासांचा कारभार शेवटी सौजन्यावरच सोपवलेला आहे.

आणि हे सौजन्य काही महाग नाही. कोण केव्हा निघणार, याची नोंद आदल्या रात्रीच वहीत करता येते. पहाटेच निघणाऱ्यांच्या खोल्यांपासून साफसफाई सुरू केली तर झोपलेल्यांच्या दारावरून बादल्या न्याव्या लागत नाहीत. पहाटे येणाऱ्यांसाठी सामान ठेवण्याची जागा आणि माफक आकारात आंघोळीची सोय करता येते. हंगामात दोन हात वाढवता येतात. वेळ दहाची की चोवीस तासांची, हे खोली देतानाच स्वच्छ मराठीत सांगता येते.

पाहुण्यानेही आपली बाजू सांभाळावी. दहाची वेळ मान्य करून साडेअकरापर्यंत खोली अडवून बसणे, निघताना खोलीची दुर्दशा करून ठेवणे, हे हक्काचे लक्षण नव्हे. त्या दीड तासाची किंमत मालक देत नाही. जेवणाची वेळ टळलेला झाडूवाला देतो.

एवढे झाले तर ‘साहेब, किती वाजता निघणार?’ हा प्रश्न कोणालाच बोचणार नाही. तो विचारायलाच हवा; फक्त रात्री नऊला विचारावा, सकाळी सातला नव्हे.