मेंदूतली भाड्याची खोली

एक सोपं काम देतो. खाली एक शब्द आहे. त्याच्याकडे बघा, पण तो वाचू मात्र नका.

आंबा.

हरलात ना? कागदावर होती नुसती चार काळी वळणं. पण नजर टेकते न टेकते तोच केशरी रंग आला, वास आला, कदाचित तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. वाचायचं नाही असं ठरवूनही तुम्हाला थांबता आलं नाही.

आता दुसरं काम. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागा, वैशाखऱ्यापाशी उतरा आणि नाणेघाट चढा. वर पोहोचलात की डोंगरात खोदलेलं एक लेणं लागेल. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. कोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं दान दिली, सगळा हिशोब आकड्यांसकट कोरलेला. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या वंशावळीतली. लिपी ब्राह्मी, म्हणजे देवनागरीची खापरपणजी. घरचीच माणसं म्हणायची.

वाचा बरं!

नाही ना येत? डोळे तेच, चष्मा तोच, उजेडही भरपूर. तरी समोर फक्त दगडावरचे ओरखडे. मघाशी वाचल्यावाचून राहवत नव्हतं, आता जीव तोडून बघितलं तरी अक्षर लागत नाही. लाजू नका. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी उलगडली, त्याआधी कित्येक शतकं भले भले पंडितही या अक्षरांपुढे अंगठाबहाद्दरच होते.

आंबा आणि हे ओरखडे यांच्यात फरक आहे तो तुमच्या डोक्यात. कधीतरी पाटी-पेन्सिल घेऊन बसला होतात, तेव्हा कवटीच्या आत एक बांधकाम झालं. ते कुठे झालं आणि कसं, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आधी एक गणित. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षं झाली. लिहिणं सुरू होऊन जेमतेम पाच हजार. तीन लाख वर्षांचा एक दिवस धरला, तर लेखणी आली ती रात्री साडेअकराच्याही नंतर! त्यातही अगदी परवापरवापर्यंत बहुतेकांना वाचता येतच नव्हतं. म्हणजे निसर्गाने मेंदूचा वाडा बांधला तेव्हा वाचनासाठी खोलीच काढली नव्हती. बोलण्याचं तसं नाही. तान्ह्या बाळाला माणसांत वाढवा, ते आपोआप बोलू लागतं. पण पुस्तकांच्या ढिगात नुसतं ठेवलेलं मूल आपोआप वाचू लागलंय, असं होत नाही.

मग खोलीच नव्हती, तर तुम्ही हे वाचताय कुठे बसून?

याचा पहिला सुगावा लागला एका आपत्तीतून. १८८७ साली फ्रान्समधल्या एका वाचनवेड्या गृहस्थाला अचानक कळलं, की आपल्याला एकही अक्षर ओळखू येत नाही. डोळे गेले नव्हते. माणसं ओळखायचे, वस्तू ओळखायचे, बोलणं अस्खलित. आणि सांगितलेला मजकूर ते लिहायचेसुद्धा! पण स्वतःच्याच हातचं लिहिलेलं पुढे धरलं, की ते परकं. अक्षरावरून बोट फिरवलं तर हाताच्या वळणावरून ओळखायचे. बघून मात्र नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९२ मध्ये, देजरिन नावाच्या डॉक्टरने मेंदू तपासला. इजा होती डाव्या बाजूला, मागच्या भागात.

आज जिवंत माणसाचा मेंदू काम करताना बघता येतो, आणि तिथेच, डाव्या कानाच्या मागे खालच्या अंगाला, एक छोटासा पट्टा सापडतो. अक्षरं दिसली की तो जागा होतो. आता गंमत बघा. मराठी वाचणारा असो, चिनी वाचणारा असो, उजवीकडून डावीकडे अरबी वाचणारा असो, हा पट्टा जवळपास त्याच जागी असतो. ज्या खोलीची मूळ नकाशात नोंदच नाही, ती जगभरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच कोपऱ्यात थाटली!

स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मते याचं कारण साधं आहे. ही खोली भाड्याची आहे. ती मुळात वस्तू नि आकार ओळखण्याच्या आळीत आहे. रेघा कुठे मिळतात, कोपरा कुठे होतो, वळण कुठे घेतंय, हे टिपण्यात ती आळी लाखो वर्षं तरबेज होती. फांदी, दगड, शिंग ओळखता ओळखता झालेली ती तयारी आपण अक्षरांच्या कामाला जुंपली.

पण भाड्याच्या खोलीत आधीच्या बिऱ्हाडाच्या खुंट्या भिंतीत राहतातच. इथेही एक भक्कम खुंटी आहे. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. वाघ डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय, पळायचं ते पळायचंच. म्हणून ही आळी डावं-उजवं सोडून देते, आणि त्यातच शहाणपण होतं. मग आली लिपी आणि म्हणाली, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब! वेलांटी द च्या डावीकडे की उजवीकडे, एवढ्यावर अर्थ पालटला. पहिली-दुसरीतली मुलं पहिली वेलांटी नि दुसरी वेलांटी यांत घोळ घालतात, अधूनमधून अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढतात, तेव्हा आपण ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून ओरडतो. लक्ष ठिकाणावरच असतं हो! ते पोर लाखो वर्षांची सवय मोडत असतं.

तेवढ्याने भागत नाही. घ आणि ध पुढेमागे ठेवा. भ आणि म ठेवा. शिरोरेघ कुठे तुटली आणि सुरुवातीचं टोक कसं वळलं, एवढाच काय तो फरक. जंगलात इतक्या बारीक फटीकडे कोण बघतं? पण ‘घर’ आणि ‘धर’ यांतलं सगळं अंतर त्या फटीत मावलेलं आहे.

आता नजरेची कसरत बघा. हात लांब करा नि अंगठ्याचं नख बघा. एका वेळी डोळ्याला लख्ख दिसतं ते साधारण तेवढंच. बाकी सगळं धूसर. म्हणून वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, टोळासारखा उड्या मारतो, सेकंदाला तीन-चार. उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. हा लेख सुरू केल्यापासून तुमच्या डोळ्यांनी शेकडो उड्या मारल्या आहेत. एक तरी जाणवली का?

आणि कान? वाचायला शिकल्याने कानही बदलतो म्हटलं तर पटेल? १९७९ साली पोर्तुगालमध्ये निरक्षर प्रौढांना एक साधा खेळ दिला होता: शब्दातला पहिला बारीक ध्वनी काढून टाका आणि उरलेलं बोला. शहाणीसुरती, संसार केलेली माणसं, पण बहुतेकांना ते जमेना. मोठेपणी वाचायला शिकलेल्या त्यांच्याच सारख्या लोकांना मात्र जमलं. शब्दातले बारीक ध्वनी सुटे करता येतात, हे कानाला कळतं ते अक्षरं भेटल्यावर.

इथे आपल्या बाराखडीला एक नमस्कार घालायला हवा. क, का, कि, की… आपण ती पाढ्यासारखी घोकली. पण ती आहे काय? व्यंजनं एका बाजूला, स्वर दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक चौकटीत दोघांचं लग्न! तीसपस्तीस व्यंजनांची प्रत्येकी बारा रूपं म्हणजे चारशेच्या आसपास आकार, पण पाठ करावी लागतात फक्त व्यंजनं आणि अकरा खुणा. एकदा ‘का’चा काना कळला की ‘मा’चा फुकट. ध्वनी सुटे करून पुन्हा जोडायचं यंत्रच पोराच्या हातात दिलंय, नि त्याला वाटतं आपण गाणं म्हणतोय.

एवढं सगळं लहानपणीच जमत असणार, असं कुणालाही वाटेल. ‘अर्धी लाकडं मसणात गेली, आता कसली धुळाक्षरं गिरवायची?’ हे वाक्य आपण किती तोंडांतून ऐकलंय! प्रौढ मेंदू म्हणजे पालथा घडा, अशीच आपली समजूत.

मग चला लखनऊजवळच्या दोन खेड्यांत. तिथे शाळेचं तोंड न पाहिलेल्या प्रौढांना, बहुतेक तिशीतल्या बायकांना, सहा महिने वाचायला शिकवलं. लिपी कोणती? आपलीच, देवनागरी. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. सहा महिन्यांत त्या साधारण पहिलीतल्या मुलाइतकं वाचू लागल्या. २०१७ साली निष्कर्ष छापून आले आणि त्यात चकित करणारी गोष्ट ही, की बदल वरच्या मजल्यावर थांबला नव्हता. तो पार तळघरापर्यंत, मेंदूच्या फार पुरातन भागांपर्यंत पोहोचला होता. नजर कुठे वळवायची, कशाकडे लक्ष द्यायचं, हे सांभाळणारे हे भाग. ते दृष्टीच्या वरच्या केंद्राशी अधिक ताल धरून काम करू लागले होते. तिशीत, अर्ध्या वर्षात!

बरं, नवं बिऱ्हाड आलं म्हणून जुन्याला हाकलावं लागलं का? अक्षरांना जागा देताना चेहरे ओळखण्याची ताकद घटते की काय, अशी शंका होतीच. लखनऊच्या त्याच परिसरातल्या निरक्षर आणि साक्षर लोकांना तपासून २०१९ मध्ये उत्तर आलं: तशी झीज दिसली नाही. मेंदूच्या वाड्यात दाटीवाटी झाली, पण कुणी रस्त्यावर आलं नाही.

आता पुन्हा नाणेघाटाच्या पायथ्याच्या तालुक्यात, मुरबाडमध्ये येऊ. याच तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी एक शाळा सुरू झाली, आजीबाईंची शाळा. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या. गणवेश गुलाबी नऊवारी. खांद्याला दप्तर, हातात पाटी.

त्या पाटीजवळ जरा बसू. साठ पावसाळे भाताची रोपं लावलेले हात पेन्सिल धरतात तेव्हा आधी ती फार जोरात दाबली जाते. विळ्याची पकड आणि पेन्सिलीची पकड वेगळी, हे बोटांना समजावावं लागतं. मग अक्षरं ओळखू येतात, पण सुटी. मु… र… बा… ‘ड’पाशी पोहोचेपर्यंत ‘मु’ निसटलेलं. मनाची ओटी लहान असते. त्यात तीन-चार दाणेच मावतात, आणखी एक घातला की पहिला सांडतो. पुन्हा सुरुवात. मु, र, बा, ड. आज, उद्या, परवा. मधल्या रात्री झोप लागते, आणि झोपेत मेंदू दिवसाचं शिकलेलं घट्ट करत बसतो. मग एक दिवस एसटीच्या पाटीकडे नजर जाते आणि चार दाण्यांचा एक लाडू झालेला असतो: मुरबाड! ओटीत आता एवढा एकच लाडू, म्हणजे पुढच्या शब्दांना जागा झाली. शिकण्याचं सगळं कसब या लाडू वळण्यात आहे. सायकल असो, हार्मोनियम असो, नाहीतर फोनवरून पैसे पाठवणं असो. आधी दाणे सांडतात, मग वळले जातात.

आणि एकदा वळला की तो सहसा मोडत नाही. ज्या आजींना मुरबाडची पाटी वाचता आली, त्यांना यापुढे ती न वाचता बघता यायची नाही, जशी तुम्हाला मघाशी ‘आंबा’कडे नुसतं बघता आलं नाही.

आता निघण्याआधी एक छोटासा धडा. ब्राह्मीतला ‘ठ’ म्हणजे नुसता एक गोल. आजच्या ठ ची शिरोरेघ आणि देठ पुसा, खाली तो गोल अजून बसलाय. आणि ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे बेरजेची खूण. एक आडवी, एक उभी. झालं.

नाणेघाटाच्या भिंतीवरचे सगळेच आता ओरखडे राहिले नाहीत. खात्री करायची आहे? खाली एक खूण आहे. तिच्याकडे बघा, पण ती वाचू मात्र नका.

+