दोन रिकाम्या जागा, एक आडवी रेघ

डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये छापून आला. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्याची नोंद उघडली की नियतकालिकाच्या नावापुढे एवढेच दिसते: १९५३ एप्रिल २५;१७१(४३५६):७३७-८. संदर्भ पाहायची सवय असलेला माणूस क्षणात सांगेल, खंड १७१, अंक ४३५६, पाने ७३७ आणि ७३८. संगणकाला यातले अक्षरही कळत नाही. तरी एखादी पीएचडीची विद्यार्थिनी ही नोंद एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेते, तेव्हा खंडाचा आकडा खंडाच्या रकान्यात जातो आणि पाने पानांच्या. हे घडवणारी छोटीशी फाईल म्हणजे इम्पोर्ट फिल्टर.

फिल्टर म्हटले की आपल्याला गाळणी आठवते. याचे काम मात्र टपाल कार्यालयातल्या खणाखणांच्या फडताळासारखे आहे: आलेले प्रत्येक पत्र नेमक्या खणात टाकायचे. पत्ता ओळखायचा तो ओळीच्या सुरुवातीच्या खुणेवरून. पबमेडच्या फाईलमध्ये ‘टीआय’ म्हणजे शीर्षक आणि ‘एयू’ म्हणजे लेखक. खुणेसाठी चार अक्षरांची जागा राखून ठेवलेली असते. त्यामुळे दोन अक्षरी खुणेनंतर दोन जागा रिकाम्या, मग आडवी रेघ, मग आणखी एक रिकामी जागा. नोंदीच्या क्रमांकाची ‘पीएमआयडी’ ही खूण चार अक्षरी, म्हणून तिला रेघ लगेच चिकटते. शीर्षक लांब असेल तर पुढची ओळ सहा जागा सोडून सुरू होते. त्या सहा जागांचा अर्थ ‘वरचेच पुढे चालू’ एवढाच.

स्वतः फिल्टर तयार करताना डावीकडे ही खूण भरायची आणि उजवीकडे रकान्याचे नाव. पहिला घोटाळा इथेच होतो. खूण रिकाम्या जागांसकट तंतोतंत जुळावी लागते. एक जागा कमी पडली तरी तो मजकूर योग्य रकान्यात पोचत नाही. म्हणून खूण टाइप करत बसू नये, मूळ नोंदीतूनच कॉपी करावी. तयार फिल्टरमध्ये बदल करायचा असेल तर आधी त्याची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि रिकाम्या लायब्ररीत चार-पाच नोंदी आणून पाहाव्यात.

खंड, अंक, पाने पबमेड वेगवेगळ्या ओळींतही देते. ज्या डेटाबेसमध्ये सगळे एकाच ओळीत असते तिथे फिल्टर विरामचिन्हांवर विसंबतो. अर्धविरामापर्यंत तारीख, कंसापर्यंत खंड, कंसात अंक, अपूर्णविरामानंतर पाने. छपाईत डोळ्यांच्या सोयीसाठी आलेली ही चिन्हे इथे भिंती होऊन उभी राहतात. मला या साऱ्यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते.

मजकूर असा ठरलेल्या रकान्यांत मांडण्याच्या विचाराची मुळे जुनी आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६५ साली हेन्रिएट ॲव्हरम रुजू झाल्या. त्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या. त्यांच्या पुढाकाराने ‘मार्क’ ही यंत्राला वाचता येणारी तालिका घडली. तिच्यात लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात आणि शीर्षक २४५ मध्ये. वर्णानुक्रम लावताना शीर्षकाच्या सुरुवातीची किती अक्षरे सोडायची, याचाही आकडा तिथेच. इंग्रजी ‘द’साठी तो ४: तीन अक्षरे आणि त्यापुढची रिकामी जागा. इतक्या बारकाईने कुणीतरी विचार करून ठेवला, म्हणून आज आपले काम एका क्लिकवर होते.

मराठी संदर्भ आणताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, काना-वेलांटीसुद्धा. ‘मराठी’ हा शब्द १५ बाइट घेतो. आयात करताना यूटीएफ-८ निवडायचे राहिले, तर त्या पाच खुणांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग उमटते. फाईल बिघडलेली नसते. योग्य पर्याय निवडून पुन्हा आणावी.

नावांचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. पबमेडचा मुख्य भाग असलेल्या मेडलाइनने १९८४ ते १९९५ या काळात एका निबंधाचे दहाच लेखक नोंदवले, पुढे ‘आणि इतर’ या अर्थाचा लॅटिन संक्षेप जोडला. तो लेखकांच्याच ओळीत येत असल्याने फिल्टर त्यालाही अकरावा माणूस समजू शकतो. अशी नोंद दिसली की मूळ निबंध उघडून उरलेली नावे हाताने भरण्यावाचून इलाज नाही.

आपल्या नावांत स्वल्पविराम सारे ठरवतो. ‘विष्णू सखाराम खांडेकर’ लिहिले तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि ते बरोबरच ठरते. आपल्या अर्जांतल्या रीतीने ‘खांडेकर विष्णू सखाराम’ लिहिले, की सूचीत आडनाव होते सखाराम! ‘खांडेकर, विष्णू सखाराम’ लिहिले की गोंधळ मिटतो. आणि लेखक एखादी संस्था असेल तर? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नोंद तशीच सोडली, तर एंडनोट ‘मंडळ’ला आडनाव करून बाकीच्या शब्दांना त्याचे पाळण्यातले नाव समजते. तिथे अख्ख्या नावाच्या शेवटी एक स्वल्पविराम द्यायचा, पुढे काहीही न लिहिता. मग मंडळ पूर्ण नावानिशी ‘म’मध्ये जाऊन बसते.