यंत्रयुगाचा त्याग आणि श्रावकाची मर्यादा

अलीकडे आमच्या व्यापारी घरांतील शिकलेली तरुण मंडळी एक विचार मोठ्या आवेशाने बोलून दाखवितात. यंत्रांवर आणि कारखान्यांवर उभी राहिलेली ही सारी संस्कृतीच पृथ्वीच्या मुळावर आली आहे. तिची डागडुजी करून भागावयाचे नाही, तिचा समूळ त्यागच केला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वडीलधारी माणसे हे ऐकून हसतात व विषय बदलतात. आम्हांस तसे करवत नाही. देवासच्या मंडीत चाळीस वर्षे गल्ल्याचा ठोक व्यापार करीत असता जे पाहिले आणि धार जिल्ह्यात जे घडले, ते ध्यानी घेता या प्रश्नाचा विचार आपल्या वार्षिक अंकात व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

हा विचार केवळ परदेशातून आलेला आहे, असे कोणी समजू नये. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ साली निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे असा पक्ष मांडला. ते स्वतः गांधीविचाराचे अभ्यासक होते. अमेरिकेत टेड कझिन्स्की नावाच्या गणितज्ञाने हाच यंत्रद्वेष टोकास नेऊन १९७८ ते १९९५ या काळात बाँब धाडले. त्यांत तीन माणसे मेली आणि तेवीस जखमी झाली. ज्या वाटेवर निरपराध माणसाचा बळी पडतो, तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे आपल्या अंकास कारण नाही.

महात्माजींचे मात्र ऐकावे लागते. १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परतताना त्यांनी बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहून काढले आणि रेल्वे, वकील, डॉक्टर व यंत्रे यांवर एकसारखा प्रहार केला. गोखल्यांना ते पुस्तक कच्चे वाटले, आणि हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करतील, असे त्यांनी म्हटले होते, हे प्रसिद्धच आहे. गांधींनी ते नष्ट केले नाही. त्यातील रेल्वेवरचा आरोप आपण गल्लेवाल्यांनी नीट वाचावा. आगगाडी झाल्यामुळे लोक आपले धान्य विकून टाकतात, ते जेथे भाव चढा तेथे जाते, आणि म्हणून दुष्काळ वाढतात, असा तो आहे. आरोप रेल्वेवर असला तरी रोख आपल्यावर आहे.

यास उत्तर आहे, आणि ते आम्ही देतो. आगगाडीपूर्वी एका गावी पेवात ज्वारी कुजत असे आणि चाळीस कोसांवर माणसे उपाशी मरत. संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ मालव्यासारख्या सुपीक मुलखालाही भोवला. त्या वेळी दूरचे धान्य आणावयास आगगाडीखेरीज साधन कोणते होते? पण त्याच दुष्काळात ज्याच्या गाठीस पैसा नव्हता त्याच्या ताटापर्यंत ते धान्य पोचले नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा आरोप निम्मा खरा आहे, आणि खऱ्या निम्म्यापुरता तो आपण मान्य करावा.

आता आपल्या घरच्या ग्रंथांकडे वळू. पंडित आशाधर हे धारेस येऊन पुढे तेराव्या शतकात मांडवगडच्या वाटेवरील नालछा येथे राहिले आणि त्यांनी ‘सागारधर्मामृत’ हा गृहस्थधर्मावरील ग्रंथ रचला. श्वेतांबर परंपरेत ज्यांस पंधरा कर्मादाने म्हणतात, त्यांचा उल्लेख त्यांनी खरकर्मे म्हणून केला आहे. कोळसे पाडण्याचा धंदा, जंगल तोडण्याचा धंदा, विषाचा व्यापार, यंत्राने पिळण्याचा धंदा, वणवा लावणे, तळी व सरोवरे आटविणे ही त्यांपैकी काही होत. धुराडे कोणाच्या स्वप्नातही नव्हते अशा काळी ही यादी झाली, याचा विचार करावा. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, आशाधरांना पंधरा हा आकडाच पटत नाही. सदोष धंदे जगात अगणित आहेत, त्यांची गणती करून कसे चालेल. यादी हवीच असेल तर ती अगदी मंदबुद्धीच्या लोकांसाठी असू द्यावी, असा त्यांचा अभिप्राय. त्यांच्या नालछापासून फार दूर नसलेल्या पिथमपुरात आज जे धंदे चालतात, त्यांची नावे घालून यादी पुरी करावयाची म्हटले तर एक वही पुरणार नाही!

परंतु हेच धर्मग्रंथ व्यापार सोडा असे सांगत नाहीत. उपासकदशांगातील आनंद श्रावक दरिद्री नव्हता. त्याने व्रत घेतले तेव्हा नांगर पाचशे, परगावच्या वाहतुकीच्या गाड्या पाचशे आणि जवळच्या पाचशे, अशी मोजदाद करून ‘याउपर नाही’ असे म्हटले. तरुणांच्या ‘त्याग’ या शब्दात आणि आनंदाच्या ‘परिमाण’ या शब्दात जे अंतर आहे, तेच आमच्या मते या सर्व वादाचे मर्म आहे.

सरोवरे आटविण्याचे फळ देवासने भोगले आहे. अनुपम मिश्र यांनी आपल्या तलावांवरील प्रसिद्ध पुस्तकात ती कथा नोंदविली आहे. तीसएक वर्षांत गावातील लहानमोठी तळी बुजविली गेली आणि त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले. कारखाने आले तेव्हा आम्हां व्यापाऱ्यांस आनंदच झाला होता. कामगार आले, खप वाढला. मग नळ आटले, कूपनलिका आटल्या, आणि एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पाण्याने भरलेली आगगाडी देवासच्या स्थानकात आली. तिचे ढोल वाजवून स्वागत झाले. ज्या रेल्वेने गल्ला यावयाचा, तिने पिण्याचे पाणी यावे आणि त्याबद्दल वाजंत्री वाजावी, असा प्रसंग या नगरीवर आला.

खेड्यांची दशा याहून बरी नव्हती. सोयाबीन आल्यापासून पूर्वी पावसाळ्यात पडीक राहणारी काळी जमीन पिकू लागली, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, आणि तो पैसा जमिनीत पाचशे ते हजार फूट खोल गेला. कूपनलिका कोरडी निघाली की दुसरी, ती कोरडी निघाली की तिसरी. कर्ज फेडण्यास पुन्हा सोयाबीन. २००६ साली उमाकांत उमराव हे येथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी मोठ्या शेतकऱ्यांस हिशेबाने पटविले की, जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यास दिला तर उरलेले नऊ हिस्से दोन पिके देतील. अनुदानाची वाट न पाहता टोंकखुर्दकडील शेतकऱ्यांनी स्वखर्चाने तळी खोदली. त्यांस ‘रेवासागर’ म्हणत. बघता बघता जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. ज्या गावांतून आमच्याकडे केवळ सोयाबीन येई, तेथून गहू व हरभऱ्याची पोती येऊ लागली, हे आम्ही आमच्या काट्यावर पाहिले आहे. कोणी शास्त्रज्ञ बंधू म्हणतील की, हेमचंद्राचार्यांच्या विवेचनानुसार तळे खोदणे हेही स्फोटकर्मात येते. येते, पण तेथे निषेध आहे तो उपजीविकेसाठी खोदण्याच्या धंद्याचा, असे आम्ही समजतो. आणि तरुण मंडळींनी हेही ध्यानात घ्यावे की ही तळी यंत्रांनीच खोदली गेली.

धार जिल्ह्याची हकीकत अधिक कडू आहे. भोपाळच्या ज्या कारखान्यात पिकांवरील कीटकनाशक तयार होई, त्यातील विषारी वायूने १९८४ च्या डिसेंबरात हजारो माणसे मारली. त्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ च्या आरंभी बारा बंद वाहनांतून पिथमपुरास आणण्यात आला. ३ जानेवारीस गाव बंद राहिले, लोक रस्त्यावर आले, दोघांनी अंगावर आग ओढवून घेतली. कारखान्यांच्याच आधारे जगणारे हे गाव. यंत्रयुग नको असे म्हणणारे ते लोक नव्हते. दुसऱ्याच्या विषाचे कोठार आमचेच गाव का, एवढेच ते विचारीत होते. न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या होऊन जूनअखेर तो कचरा जाळण्यात आला. चुना वगैरे द्रव्ये मिसळावी लागल्याने राख मूळ मालाहून वजनाने अधिक भरली. माल जाळावा आणि वजन वाढावे, असा सौदा आमच्या पाहण्यात दुसरा नाही. विषवाणिज्याचा हा ताळेबंद वाचताना आपल्या गोदामांत कीड मारण्यासाठी ठेवाव्या लागणाऱ्या धुरीच्या गोळ्यांचेही स्मरण व्हावे.

नर्मदाकाठची कुक्षी तहसील याच जिल्ह्यातील. १९२१ साली मुळशीस जो प्रश्न उभा राहिला, तोच येथे मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. मेधा पाटकर १९८५ पासून या खोऱ्यात आल्या. बाबा आमटे १९९० साली पलीकडच्या तीरावर बडवानीजवळ कसरावदला येऊन राहिले. २०१७ साली मेधाताईंनी चिखलद्यास उपोषण केले आणि त्यांस धारच्या तुरुंगात जावे लागले. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले तेव्हा चिखलदा आणि निसरपूर पाण्यात आली. निसरपूर हे बाजाराचे गाव होते. दुकानाच्या भिंतींचे मोल कागदावर मांडता येते; तीन पिढ्यांची उधारीची वही, ठरलेले गिऱ्हाईक, आठवडी बाजाराची वाट यांचे मांडता येत नाही. त्याच नर्मदेचे पाणी १९७८ पासून इंदूर पीत आहे, आणि २०१४ पासून ते पंपांनी शेकडो मीटर उचलून क्षिप्रेत सोडले जाऊ लागले. तो पंप बंद करा असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही. त्या पाण्यासाठी कोण बुडाले हे विसरण्याचा अधिकारही आम्हांस नाही.

तेव्हा संपूर्ण त्यागाचा पक्ष आम्ही स्वीकारीत नाही. मोटार, वीजकाटा यांवाचून पाच पोतीही या मंडीतून त्या मंडीत जाणार नाहीत. परंतु आनंद श्रावकाप्रमाणे मोजून ‘याउपर नाही’ म्हणण्याची वेळ आली आहे, आणि मोजणे हा तर आपला धंदाच आहे. एका हिशेबाने आरंभ करावा. पाच हजार चौरस फुटांच्या गोदामाच्या पत्र्यावर मालव्यातील सर्वसाधारण पावसाळ्यात चार लाख लिटरांच्या आसपास पाणी पडते. ते आज गटारात जाते. सभासद बंधूंनी आपापल्या गोदामाची लांबी-रुंदी व जवळच्या विहिरीचे अंतर लिहून चातुर्मासापूर्वी संघाच्या कचेरीत द्यावे. पन्हळीचा व गाळणखड्ड्याचा खर्च एकत्र काढता येईल, आणि लोखंडी पन्हळ ठोक भावाने घेतल्यास ती स्वस्तही पडेल.